साडेदहा पौंडांची रायफल

गनी होडेकरचं नाव कॅन्सल व्हायच्या यादीत मीच घातलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याचं इतकं कौतुक करणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, हा गुणवंत पहिल्यापासून त्याचा मोठा कैवारी असणार. नव्हतो.

डिसेंबर २००८ ची गोष्ट. अबू धाबीजवळ मुसफ्फामध्ये आमचं वर्कशॉप होतं. पाण्याच्या टाक्या, लोखंडी जिने, शेडचे सांगाडे असला माल आम्ही बनवायचो. दुबईतले टॉवर जागच्या जागी थांबले आणि त्यांच्यामागे आमच्या ऑर्डरीही थांबल्या. मी खरं तर परचेसमध्ये. पण एचआरची मुलगी पहिल्याच झटक्यात घरी गेली आणि तिचं काम माझ्या गळ्यात पडलं. अरबाबने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, तीस माणसं कमी करायला सांगितली. मी माझं पुणेरी डोकं लढवलं. लेबर कार्डावरच्या हुद्द्याप्रमाणे कॉम्प्युटरवर यादी लावली आणि ‘हेल्पर’ या शब्दाखाली आलेली पहिली तीस नावं उचलली. चहा गार व्हायच्या आत काम झालं आणि वर मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

त्या तिसांत अकरावं नाव गनीचं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा, काटकुळा, दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. बापजादे मचवे आणि होड्या बांधणारे, आडनावच त्यावरून पडलेलं. पुढे फायबरच्या होड्या आल्या, बापाच्या जागेत गवत वाढलं, आणि १९८९ साली एजंटने पुढे केला त्या व्हिसावर गनी इकडे आला. व्हिसावर ‘हेल्पर’ लिहिलेलं होतं. एकोणीस वर्षं त्याने झाडलं, उचललं, माल पॅक करायची लाकडी खोकी ठोकली. त्याचं एकही खोकं कधी वाटेत फुटलं नव्हतं, पण तुला आणखी काय येतं रे, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

कॅन्सलच्या कागदावर अंगठा किंवा सही घ्यायला माणसं अरबाबच्या व्हिलावर न्यावी लागत, कारण म्हातारा खांद्याच्या ऑपरेशननंतर ऑफिसात येत नसे. गनीला घेऊन गेलो तर अरबाब मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनात, गालिच्यावर बसलेला, समोर एक रायफल, आणि तोंडाने शिव्या. रायफलला शिव्या देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

प्रकरण असं होतं. अरबाबला नेमबाजीचा नाद. त्याच्या क्लबात मार्चमध्ये एक सामना होता. टेबलावर वाळूच्या उशीवर रायफल टेकवायची, शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या, ज्याची पाच भोकं सगळ्यात जवळजवळ पडतील तो जिंकला. हलक्या गटाचा नियम एकच: दुर्बिणीसकट रायफल साडेदहा पौंडांच्या आत हवी, म्हणजे चार किलो सातशे बासष्ट ग्रॅम. काट्यावर एक ग्रॅम जास्त भरला तरी बाहेर. अरबाबने परदेशातून तयार रायफल मागवायचं ठरवलं होतं, पण मंदीने त्याच्याही शौकाला कात्री लागली. मग क्लबच्या परवान्यावर सुटे भाग मागवून घरीच रायफल जुळवायची असं ठरलं. त्याने सगळीकडचं जाडजूड आणि दणकट निवडलं, आणि वजन गेलं सहा किलोंवर.

“ये बंदूक नहीं, ये उंट है,” अरबाब म्हणाला. जुने अरब आपल्या माणसांशी हिंदीच बोलतात. “मेरा कंधा खलास, उम्र खलास. एक बार जीतना है, बस.”

सही करायला वाकलेल्या गनीने पेन तसंच खाली ठेवलं. “बाबा, बुरा मत मानो. ये लकडी गलत है.”

मी मनात म्हटलं, झालं. जाता जाता हा माझीही नोकरी घालवणार.

“तेरेको मालूम?” अरबाबने विचारलं.

“मैं होडी बनानेवाले का लडका है. वजन कहाँ रखने का, कहाँ नहीं रखने का, उतना मालूम.”

म्हाताऱ्याने गनीपुढचा कॅन्सलचा कागद घेऊन उशीखाली सरकवला. “मार्च तक. वजन में बैठा तो तू भी बैठेगा. नहीं बैठा तो टिकट. यल्ला, चलो.”

परतीच्या वाटेवर गाडीत मी त्याला झाडलं. म्हटलं, “गनीभाई, बंदूक आयुष्यात हातात धरलीय का कधी?”

“नाय.”

“मग कशाच्या जोरावर बोललात?”

“गुणवंतभाऊ, घरी जाऊन मी काय करू?” तो म्हणाला. “आमच्या पोरीचं, सुमैय्याचं, नर्सिंगचं दुसरं वर्ष चाललंय. अन् खाडीत आता होडी बांधून घेणारा उरला नाय. हिकडं हेल्पर तरी हाय. तिकडं कायच नाय.” हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. पाच मिनिटांत केलेली ती यादी मला तेव्हा पहिल्यांदा टोचली.

दुसऱ्या दिवसापासून व्हिलाच्या मागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. लोखंडाचं काम क्लबच्या परवानाधारक मिस्त्रीकडे, लाकडाचं गनीकडे, आणि कॅटलॉग वाचून भाग मागवणं माझ्याकडे. मी मोठ्या ऐटीत कॅटलॉग उघडला. गनीने तो मिटवला आणि वाळू मागितली.

त्याने शोभनाकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, जुन्या परकराच्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या. मी कॅटलॉगमधून एकेका भागाचं वजन वाचायचं आणि त्याने तेवढी वाळू पिशवीत भरायची. नळीची पिशवी, दुर्बिणीची पिशवी, चापाची पिशवी. जिच्यात काडतूस बसतं आणि खटका सरकतो ती पोलादी पेटी अरबाबकडे आधीच होती, ती तशीच घेतली. मग एका फळीवर या पिशव्या रायफलीत जिथे येतील तिथे बांधल्या आणि फळी खालून दोरीवर तोलली. दाभोळला मचव्याचा नकाशा कागदावर काढत नसत. त्याच्या बापाचीही पद्धत हीच होती: डोलकाठी, शीड, जाळी, माणसं, सगळ्यांच्या जागी वाळू ठेवायची आणि पाण्यात ढकलून बघायचं.

अरबाब खुर्ची टाकून बसायचा. त्याने निवडलेली जाड, लांब नळी पिशवीच्या रूपात बांधली की फळी पुढे धाडकन टेकायची. गनी नुसता पिशवी सोडायचा, मूठभर वाळू काढायचा, पुन्हा बांधायचा.

“लंबा नली अच्छा,” अरबाब हटून बसला.

“बाबा, उंच डोलकाठी वाऱ्याला हलते,” गनी मराठीतच बोलून गेला आणि मी हिंदी केलं. “आखूड खुंटा हलत नाय. आखूड घ्या, पण हडकुळी नको.”

आखूड नळी ठरली, दोन किलो दीडशे ग्रॅम. दुर्बिणीवर तर तीन दिवस वाद झाला. अरबाबला हवी होती ती एक किलोची, जवळचं-लांबचं सगळं फिरवून बघता येईल अशी. गनीने विचारलं, “आपल्याला शंभर मीटरच बघायचंय ना? मग चंद्र दाखवणारी कशाला?” अरबाब आधी भडकला, मग इतका हसला की खांदा धरून बसला. एकाच ताकदीची हलकी दुर्बीण आली, कड्यांसकट सहाशे चाळीस. चापाच्या बाबतीत मात्र गनीने काटकसर करू दिली नाही. “बोटाखालची वस्तू हाय ती. तिथं कंजूषपणा नको.” चाप चांगल्यातला चांगला घेतला. पेटी, नळी, दुर्बीण, चाप मिळून तीन किलो सातशे नव्वद झालं. लाकडी दस्ता आणि खांद्याला लागणारी गादी, दोन्हींना मिळून उरले नऊशे बहात्तर ग्रॅम.

मला एक प्रश्न कधीचा छळत होता. कॅटलॉगमध्ये या गटाच्या नावात ‘वार्मिंट’ असा शब्द होता. अरबाबला विचारलं तर म्हणाला, शेताची नासाडी करणारी जनावरं, परदेशात असल्या रायफलींनी मारतात. गनीचे डोळे चमकले. “म्हणजे आमची वानरं अन् डुकरं! बाबा, एकदा दाभोळला चला. सगळा आंबा खाल्ला हरामखोरांनी.” आमच्या रायफलीने मात्र कागदाशिवाय कशालाही भोक पाडलं नाही.

दस्त्याला लाकूड कोणतं, हे गनीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. मधे पांगारा, वरून सागाच्या पातळ पट्ट्या. पांगारा इतका हलका की कोकणात मासेमारीच्या जाळ्यांना त्याचे तरंगते ठोकळे बांधतात. पण अबू धाबीत पांगारा आणायचा कुठून? शोभना आणि आमचा मुलगा अथर्व सुट्टीला पुण्याला गेले होते. गनीच्या मेहुण्याने मुंबई विमानतळावर त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेली एक फळी दिली. इकडे उतरल्यावर कस्टमवाल्याने विचारलं, हे काय? शोभनाने प्रसंगावधान राखून सांगितलं, “क्रिकेट बॅट.” आणि आमचे चिरंजीव, वय वर्षं नऊ, मोठ्या अभिमानाने म्हणाले, “नो नो, इट्स फॉर अ रायफल!”

पाऊण तास गेला. शेवटी अरबाबचा फोन आला तेव्हा फळी सुटली. शोभना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण त्या फळीतून जे निघालं ते बघायला सगळे यायला लागले. गनी माप घेताना पट्टी क्वचितच वापरायचा. अंगठा फिरवायचा, डोळा मिटायचा, रंधा एकदाच मारायचा. एकोणीस वर्षं मी ज्याला खोकी ठोकणारा म्हणून ओळखत होतो तो हा नव्हेच. लाकडावर हात असताना त्याची पाठ ताठ व्हायची, आवाज खाली यायचा, आणि अरबाबलासुद्धा तो “थांबा जरा” म्हणायचा. अरबाब थांबायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळं जोडून काट्यावर ठेवलं. चार किलो सातशे पस्तीस. सत्तावीस ग्रॅम राखून! अरबाबने गनीच्या पाठीवर डावा हात मारला. मी फोटो काढला. गनीने त्या संध्याकाळी अजराला, त्याच्या बायकोला, फोन लावला आणि पहिल्यांदाच, तिने विचारायच्या आत, “बरा हाय मी” म्हणाला.

आणि मग त्याने ती चूक केली. होडी बांधणाऱ्याच्या पोरानेच करावी अशी.

मचवा पुरा झाला की त्याला मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल पाजतात. लावत नाहीत, पाजतात. लाकूड नको म्हणेपर्यंत. तेल न पाजता लाकूड हाताबाहेर द्यायचं म्हणजे पोराला उपाशी शाळेत धाडण्यासारखं. गनी अजमानला गेला, तिथल्या लाकडी जहाजांच्या यार्डातून त्याने बाटलीभर तेल आणलं आणि दस्त्याला पाच दिवस पाजलं. शेडमध्ये वास असा सुटला की अथर्व नाक धरून गाडीतच बसला. अरबाब मात्र आत आला, उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा बाप मोती काढणाऱ्या जहाजावर होता. “ये मेरा बाबा का बास है,” एवढंच म्हणाला. त्या क्षणी कुणाच्याही डोक्यात वजन आलं नाही.

सामना शुक्रवारी होता. बुधवारी सकाळी मी सहज म्हणून पार्सलचा काटा मजलिसमध्ये आणला आणि रायफल त्यावर ठेवली. चार किलो आठशे पाच.

मी काटा बंद करून पुन्हा चालू केला. चार किलो आठशे पाच. पांगाऱ्याने सत्तर ग्रॅम तेल पिऊन ठेवलं होतं. त्रेचाळीस ग्रॅम जास्त.

अरबाब म्हणाला, “खलास.” ओरडला नाही, हे जास्त वाईट. उठून उशीकडे गेला, जिच्याखाली तो कागद होता, पण उशी न उचलता नुसता बाजूला बसला. मला इतका राग आला म्हणून सांगू, गनीचा नव्हे, त्या मूर्ख आकड्याचा! त्रेचाळीस ग्रॅम म्हणजे काय, चार मोठे चमचे साखर. त्यावर एका माणसाचं अख्खं आयुष्य तोललं जात होतं.

“नळी कापू या थोडी,” मी म्हटलं.

“नळीला हात लावायचा नाय,” गनी म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात रायफलीवर फिरत होते, पुढून मागे, हळूहळू. शेवटी दस्त्याच्या मागच्या टोकाला, खांद्याला टेकणाऱ्या काळ्या रबरी गादीवर येऊन थांबले. “ही कोणी निवडली?”

मी निवडली होती. गनीने सांगितलं होतं, मऊ अन् हलकी बघा. मी कॅटलॉगमधली सगळ्यात महाग उचलली. साडेतीनशे दिरहम, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या वर. महाग ते चांगलं, ही परचेसवाल्याची श्रद्धा. गनीने ती सोडवून काट्यावर टाकली. एकशे वीस ग्रॅम. मागवलेल्या भागांत वाळूच्या पिशवीने न निवडलेला तेवढा एकच भाग होता.

“काढून टाकू,” मी म्हटलं.

“अन् बाबाचा खांदा? हलकी बंदूक धक्का जास्त देते.” तो उठला. “मला कॅम्पवर सोडा. आत्ता.”

मजुरांच्या कॅम्पवर गनीच्या खोलीत सहा बंकबेड. गनीने आपल्या बेडवरची चादर ओढली, सुरी घेतली आणि ज्या गादीवर तो वर्षानुवर्षं झोपत होता तिचं पोट फाडलं. आत काथ्या होता, नारळाचा. त्याने दोन मुठी काढल्या, बोटांनी पिंजल्या, दाबून सोडून बघितल्या. “उसळतो अजून,” म्हणाला. परत आल्यावर त्याने अरबाबकडे पातळ, मऊ, पण न फाटणारं चामडं मागितलं. अरबाबने कपाट उघडलं आणि ससाणा हातावर बसवायचा आपला जुना हातमोजा काढला. नखांचे ओरखडे पडलेला. तो हातात धरून म्हातारा थोडा घुटमळला, मग गनीच्या मांडीवर ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत गादी झाली. आत मजुराच्या बिछान्याचा काथ्या, वर मालकाच्या हातमोज्याचं चामडं, मेणाच्या दोऱ्याने शिडासारखं शिवलेलं. वजन पंचेचाळीस ग्रॅम. रायफल चार किलो सातशे तीसवर आली. आम्ही तिघं काट्याभोवती गुडघे टेकून बसलो होतो, आणि तिघांपैकी कोण आधी हसलं ते मला आठवत नाही.

शुक्रवारी क्लबात अठरा नेमबाज होते. इंग्रज, जर्मन, अरब. रायफली एकेक करून काट्यावर जात होत्या, रंगवलेल्या, चकचकीत. आमची गेली तेव्हा काट्यावरच्या माणसाने नाक उडवलं, कारण मुशीचा वास अजून होता. मग आकडा बघितला आणि मान डोलावली. माझ्या शेजारी गनी कॅम्पच्या इस्त्रीच्या शर्टात उभा होता. त्याने त्याआधी गोळीचा आवाज कधी जवळून ऐकला नव्हता, म्हणून पहिल्या बाराला तो जागीच उडाला.

अरबाबने पाच गोळ्या मारल्या. प्रत्येक गोळीनंतर खांदा मागे यायचा आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो. कुठे वेदना नाही. कागद आला तेव्हा मला वाटलं, चार गोळ्या हुकल्या. कागदावर एकच भोक होतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं, कडेला जरा फाटलेलं. पंचाने भिंग लावून बघितलं आणि पाच बोटं वर केली. पाचही गोळ्या त्या एका भोकातून गेल्या होत्या. हलक्या गटात अरबाब पहिला आला. सत्तर वर्षांचा तो माणूस पोरासारखा आरोळी ठोकत आला आणि आधी गनीला मिठी मारली, मग स्वतःच्या मुलांना.

पण माझा आनंद त्यानंतर दहा मिनिटांनी आला. या खेळात रिवाज आहे: निकालाबरोबर प्रत्येकाच्या रायफलीच्या भागांची यादी फलकावर लागते. नळी कोणाची, दुर्बीण कोणाची, दस्ता कोणी केला. अर्ज मीच भरला होता. फलकावर सगळ्यांच्या दस्त्यापुढे परदेशी कंपन्यांची नावं होती. सगळ्यात वर, पहिल्या नंबरापुढे, लिहिलं होतं: ‘होडेकर, दाभोळ’. एक उंच इंग्रज ते नाव वहीत उतरवून घेत होता. मला म्हणाला, होडेकर ही कंपनी डच का? त्याला दोन दस्ते हवे होते.

“कंपनी नाही, माणूस आहे,” मी म्हटलं, आणि गनीला दंडाला धरून त्याच्यापुढे उभं केलं.

अरबाबने कॅन्सलचा कागद फाडला. गनी पुढे नऊ वर्षं तिथे राहिला, त्याच शेडमध्ये, आणि एकतीस दस्ते बनवले. सगळे तेल पाजल्यावर तोलून. बाकीची एकोणतीस माणसं मात्र गेली, आणि त्यांना काय काय येत होतं ते मला आजही माहीत नाही.

त्या शुक्रवारी मात्र गनी फलकासमोर पुष्कळ वेळ उभा राहिला. इंग्रजी अक्षरं त्याला एकेक करून लावावी लागत. आडनावावर बोट ठेवून त्याने गावाचं नावही वाचून काढलं, मग माझ्याकडे वळला. डोळे भरले होते, पण बोलला ते अगदी कामाचं.

“गुणवंतभाऊ, तुमच्या त्या कॉम्प्युटरात माझ्या नावापुढे हेल्पर हाय ना. उद्या ऑफिसात गेलात की तेवढं खोडा.”

मी उद्याची वाट बघितली नाही. तिथून सरळ मुसफ्फाला गेलो, बंद ऑफिस उघडलं, आणि खोडलं.